अल्गोलचा मंद सहचर : एका शोधलेखाचें परीक्षण

वाङ्मयविषयक मासिकांत शास्त्रीय शोधलेखाचें परीक्षण कशाला, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. अशा लेखांत रस नसतो, अलंकार नसतो, आणि लेखकानें आपलें व्यक्तिमत्त्व तर बुद्ध्याच झांकून ठेवलेलें असतें. तथापि गद्याची एक कसोटी अशी आहे कीं, तिला चरित्र, इतिहास, निबंध व शोधलेख हे सारेच सारखे उतरले पाहिजेत. लेखकानें जें प्रत्यक्ष पाहिलें तें, आणि जें त्यानें तर्कानें जाणलें तें, या दोहोंतील भेद त्याच्या लेखनांत राखला गेला आहे कीं नाहीं, ही ती कसोटी होय. तीवर घांसून पाहण्याजोगा एक लेख टॉमकिन व लॅम्बर्ट या टेक्सास विद्यापीठांतील दोघां ज्योतिर्विदांनीं १९७८ सालीं अमेरिकेच्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ मध्यें प्रसिद्ध केला. विषय दिसण्यांत अगदीं लहान : अल्गोल नांवाच्या ताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या मंद सहचराच्या वर्णपटांतील दोन रेषा. परंतु त्या दोन रेषांवांचून जवळजवळ दोनशें वर्षांची एक गोष्ट अपुरी राहिली होती, आणि ती अपुरी आहे याची जाणीव ती सांगणारांपैकीं फारच थोड्यांना होती.

प्रथम त्या गोष्टीचीच ओळख करून घेऊं. ज्या तारकापुंजास पाश्चात्य पर्सिअस म्हणतात त्यास आपल्या मराठी ज्योतिषग्रंथांतून ययाति म्हणण्याची चाल आहे. मार्गशीर्ष-पौषाच्या रात्रीं तो आपल्याकडून उत्तरेस बराच उंच दिसतो. अल्गोल हा त्यांतीलच एक ठळक तारा. दर २ दिवस, २० तास व ४९ मिनिटांनीं याचें तेज उतरूं लागतें, सुमारें पांच तासांत तें एकतृतीयांशाच्या आसपास येतें, आणि पुढील पांच तासांत पुन्हां पूर्ववत् होतें. दुर्बिणीवांचून, केवळ शेजारच्या ताऱ्यांशीं ताडून पाहतां कोणासहि आपल्या गच्चीवरून हें कौतुक पाहतां येईल.

हें नियमित मंदावणें प्रथम नीट मोजलें तें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं राहणाऱ्या जॉन गुडरिक यानें. हा तरुण बाळपणापासून बहिरा होता. १७८२ च्या नोव्हेंबरांत त्यानें अल्गोल मंदावलेला पाहिला तेव्हां त्याचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पुढील वर्षीं त्याचें टिपण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचलें गेलें, त्याला कोपली पदक मिळालें, आणि १७८६ सालीं, बावीसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो वारला. इतकी करुण व उदात्त सामग्री हातीं असल्यावर लोकप्रिय ग्रंथकार तिचा उपयोग करतात यांत नवल नाहीं. परंतु येथेंच गोष्टीस पहिला फांटा फुटतो. “गुडरिकनें अल्गोलचा सहचर शोधून काढला” असें वाक्य आपण अनेक ठिकाणीं वाचतों. वस्तुतः गुडरिकनें सहचर पाहिला नव्हता, व तसें त्यानें म्हटलेंहि नाहीं. कोणी एक मोठा गोल अल्गोलभोंवतीं फिरत असून तो आड येत असावा, किंवा अल्गोलच्या अंगावरच डाग असून ती बाजू ठराविक काळानें आपल्याकडे वळत असावी, असे दोन पर्याय त्यानें मांडले. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानें दाखविलेला हा संयम त्याच्या चरित्रकारांना दाखवितां येऊं नये, ही खेदाची गोष्ट आहे. नायकाला मोठा करण्याच्या भरांत त्याचा खरा मोठेपणाच ते हिरावून घेतात.

दुसरी चूक नांवाविषयींची. अल्गोल हें अरबी नांवाचें रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘घुलाचें मस्तक’, म्हणजे राक्षसाचें डोकें, असा आहे. त्यावरून अरबांना या ताऱ्याची चंचलता ठाऊक असली पाहिजे, असें मोठ्या आत्मविश्वासानें लिहिलें जातें. पण टॉलेमीच्या तारकासूचींत हा तारा गॉर्गन राक्षसीच्या मस्तकांत दाखविला होता, आणि अरबांनीं त्या वर्णनास आपल्या भाषेंतील शब्द दिला, एवढ्यानेंच नांवाचा उलगडा होतो. नांव भयंकर आहे, म्हणून नांव ठेवणाराला सारें ठाऊक होतें, हें अनुमान नव्हे. ती केवळ हौस आहे.

आतां दुसऱ्या टप्प्याकडे वळूं. जर्मनींतील पॉट्सडॅम येथील फोगेल यानें १८८९ सालीं अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन त्यांतील रेषा मोजल्या. तारा आपल्यापासून दूर जात असला तर त्या रेषा तांबड्या बाजूकडे सरकतात, आपल्याकडे येत असला तर जांभळ्या बाजूकडे सरकतात. फोगेलला आढळलें तें असें कीं, ग्रहणापूर्वीं अल्गोल आपल्यापासून दूर जात असतो व ग्रहणानंतर आपल्याकडे येत असतो. कोणाभोंवतीं तरी फिरत तो पलीकडच्या बाजूस जातो व तेथून परत येतो, हें यावरून सिद्ध झालें. डागाचा पर्याय मावळला, ग्रहणाचा पर्याय उरला. अनुमान म्हणून हें निर्दोष आहे. धूर दिसला, अग्नि असलाच पाहिजे.

परंतु अग्नि आहे हें कळणें निराळें, आणि तो किती आहे हें कळणें निराळें. दोन मुली अंधाऱ्या अंगणांत फुगडी घालीत आहेत व त्यांपैकीं एकीच्याच अंगावर दिव्याचा उजेड पडला आहे, अशी कल्पना करा. उजेडांतली मुलगी गरगर फिरते आहे, त्याअर्थीं तिचे हात धरणारी दुसरी कोणी आहे, एवढें निश्चित. पण ती दुसरी थोरली कीं धाकटी? दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर दोघींचे फेर सारखे. एक जड असली तर तिचा फेर लहान, व हलकीचा मोठा. दोघींचे वेग कळल्यावांचून दोघींचीं वजनें कळणार नाहींत. फोगेलनें व त्याच्यामागून आलेल्या संशोधकांनीं उजेडांतल्या ताऱ्याचा वेग काढला. तो सेकंदास सुमारें ४४ किलोमीटर भरतो. अंधारांतल्या ताऱ्याचा वेग कोणासच ठाऊक नव्हता.

तो अगदीं अंधारा नाहीं, एवढें मात्र १९१० सालीं कळलें. स्टेबिन्स या अमेरिकन ज्योतिर्विदानें सेलेनियमच्या साह्यानें प्रकाश मोजण्याची नवी युक्ति वापरून असें दाखविलें कीं, मंद सहचर जेव्हां तेजस्वी ताऱ्याच्या मागें जातो तेव्हांहि एकंदर प्रकाशांत शेंकडा पांचाच्या आसपास घट होते. डोळ्यांना ती समजत नाहीं, पण यंत्रास समजली. जो झांकल्यानें उजेड कमी होतो त्यास स्वतःचा उजेड असलाच पाहिजे. इतकें होऊनहि कित्येक पुस्तकांतून ‘काळा सहचर’ हा शब्दप्रयोग पुढें चालूच राहिला. रूढ झालेलें विशेषण पुराव्यापेक्षां अधिक काळ जगतें, याचें हें उदाहरण समीक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या सहचराचें वजन कळणें इतकें महत्त्वाचें कां, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर ताऱ्यांच्या आयुष्याविषयींच्या सिद्धान्तांत आहे. तारा जितका जड तितका तो आपलें इंधन उधळेपणानें जाळतो व लवकर म्हातारा होतो. म्हातारपणीं तो फुगतो व थंड होतो. अल्गोल व त्याचा सहचर हे एकाच वेळीं जन्मलेले असणार. तेव्हां जो जड तोच आधीं म्हातारा व्हावयास हवा. येथें दिसतें तें नेमकें उलट : तेजस्वी तारा जड असून तरुण आहे, आणि सहचर हलका असून फुगलेला, थंड, वार्धक्यास लागलेला आहे. या विसंगतीस ‘अल्गोलचा विरोधाभास’ असें नांव पडलें. १९५५ सालीं क्रॉफर्ड यानें शोधलेखांतून, आणि त्याच वर्षीं हॉईल यानें आपल्या ‘फ्रंटियर्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ या लोकांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांतून तिचा उलगडा सुचविला. आज हलका दिसणारा सहचर मुळांत दोघांत जड होता. म्हणून तोच आधीं म्हातारा झाला, फुगला, आणि फुगतां फुगतां त्याच्या अंगावरचा वायु त्याच्या गुरुत्वाकर्षणाची मर्यादा ओलांडून शेजाऱ्याच्या अंगावर जाऊं लागला. असें करतां करतां वजनाची अदलाबदल झाली. घेणारा जड व तेजस्वी झाला, देणारा हलका व मंद राहिला.

ययातीच्या पुंजांत हें घडावें, हें वाचून कोणाही मराठी वाचकास पूरूची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. एकानें आपलें तारुण्य दुसऱ्यास द्यावें व पाहणारानें दोघांच्या वयाचा उलटा अंदाज करावा, हें साम्य मनोहर आहे, आणि मनोहर म्हणूनच धोक्याचें आहे. ज्यांनीं हें नांव या पुंजास दिलें त्यांना या ताऱ्यांतील देवघेवीची कांहींहि कल्पना असणें शक्य नव्हतें. शिवाय पूरूनें आपखुशीनें दिलें व ययातीनें शेवटीं परत केलें. येथें आपखुशी नाहीं व परतफेडहि नाहीं. अरबी नांवाविषयीं जो न्याय लावला तोच आपल्याहि नांवास लावला पाहिजे. उपमा समजण्यास साह्य करते. साक्ष देण्यास ती उभी राहूं शकत नाहीं.

मुख्य प्रश्न उरतो तो साक्षीचाच. हा सारा उलगडा सहचर हलका आहे या गोष्टीवर उभा होता, आणि सहचराचें वजन तर प्रत्यक्ष कोणी काढलें नव्हतें. तें काढण्याची एक रीत अशी होती कीं, सहचर आपल्या मर्यादेपर्यंत फुगलेला आहे असें गृहीत धरावें, ग्रहणाच्या आलेखावरून त्याचा आकार घ्यावा, आणि त्यांवरून वजनांचें गुणोत्तर बसवावें. पण मग त्याच वजनाच्या आधारें ‘सहचर मर्यादेपर्यंत फुगलेला असून त्यानें आपला वायु दिला आहे’ असें सिद्ध करूं जाणें, यास आपले नैयायिक अन्योन्याश्रय म्हणतील. सिद्धान्त चुकीचा होता असें नव्हे. तो बरोबरच होता, हें पुढें दिसलें. पण बरोबर असणें आणि सिद्ध झालेलें असणें, या दोन अवस्था भिन्न आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर भरून काढण्याचें काम अत्यंत रूक्ष व कष्टाचें असतें.

तें किती कष्टाचें हें समजून घेतल्यावांचून १९७८ च्या लेखाची योग्यता कळणार नाहीं. सहचर सर्वांत चांगला केव्हां दिसेल? अर्थात् तेजस्वी तारा ग्रहणानें झांकला गेला असतां. परंतु त्या वेळीं सहचर आपल्या दृष्टिरेषेस आडवा चाललेला असतो. तो आपल्याकडे येत नसतो कीं दूर जात नसतो. म्हणून त्याच्या रेषा सरकत नाहींत व त्याच्या वेगाविषयीं त्या कांहींच सांगत नाहींत. उलट, त्याचा वेग जेव्हां सर्वांत अधिक दिसावयाचा, तेव्हां तेजस्वी तारा पूर्ण तेजानें बाजूस उभा असतो, व त्याच्या झगझगाटांत सहचराच्या रेषा बुडून जातात. जेव्हां तो दिसतो तेव्हां बोलत नाहीं, आणि बोलतो तेव्हां दिसत नाहीं. त्यांतून याच जोडीभोंवतीं सुमारें ६८० दिवसांत फिरणारा एक तिसरा ताराहि आहे, व त्याचाहि प्रकाश मध्यें मिसळतो. जुन्या छायाचित्रांच्या कांचा निळ्या प्रकाशास अधिक जागृत असत, आणि निळ्या प्रकाशांत हा थंड सहचर अधिकच निस्तेज असतो.

टॉमकिन व लॅम्बर्ट यांची कुशलता त्यांनीं केलेल्या निवडींत आहे. त्यांनीं सोडियमच्या पिंवळ्या रेषा निवडल्या. चुलींतल्या जाळावर मीठ सांडलें म्हणजे जाळ क्षणभर पिंवळा होतो. तो रंग सोडियमचा. ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत सोडियम असल्यास तोच रंग गिळला जाऊन वर्णपटांत दोन काळ्या रेषा उमटतात. आतां अल्गोलसारख्या अतितप्त ताऱ्यांत सोडियमचे परमाणु जवळजवळ सारे फुटलेले असतात, म्हणून त्याच्या या रेषा अगदीं क्षीण. थंड सहचरांत मात्र त्या ठळक. शिवाय पिंवळ्या प्रकाशांत सहचराचा वांटाहि निळ्यापेक्षां मोठा. म्हणजे ज्या ठिकाणीं बलिष्ठाचा आवाज आपोआप बसतो व दुर्बळाचा चढतो, असें नेमकें एक ठिकाण त्यांनीं हेरलें. टेक्सासमधील मॅक्डॉनल्ड वेधशाळेंत छायाचित्राच्या कांचेऐवजीं सिलिकॉनच्या सूक्ष्म प्रकाशग्राहकांची पंक्ति वापरून त्यांनीं या रेषा टिपल्या, व त्या पुढें-मागें सरकतांना मोजल्या.

उत्तर आलें तें असें. सहचराचा वेग सेकंदास २०१ किलोमीटर, त्यांत चूक सहा किलोमीटरांपर्यंत संभवते. तेजस्वी ताऱ्याचा वेग ४४. म्हणजे फुगडींतील हलकी मुलगी थोरलीच्या सुमारें साडेचार पट वेगानें फिरत होती. वजनांचें गुणोत्तर ४.६ ठरलें. सूर्याचें वस्तुमान १ धरल्यास तेजस्वी तारा ३.७ व सहचर ०.८१. सूर्याहूनहि हलका तारा, आणि तरी वार्धक्यानें फुगलेला! एकट्यानें राहिलेला इतका हलका तारा विश्वाच्या आजवरच्या आयुष्यांतहि म्हातारा होऊं शकला नसता. अल्गोलच्या विरोधाभासाचा उलगडा आतां कोणत्याहि गृहीतावर टेंकलेला राहिला नाहीं; ज्याच्याविषयीं वाद होता त्यानेंच स्वतः साक्ष दिली. गुडरिकच्या टिपणापासून ही साक्ष होईतों १९५ वर्षें लोटलीं होतीं.

परीक्षकानें दोषहि दाखविले पाहिजेत. ३.७ हा आंकडा शेवटचा ठरला नाहीं. पुढें वर्णपटांतील तिन्ही ताऱ्यांचा प्रकाश गणितानें विलग करण्याच्या रीति निघाल्या, आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तेजस्वी ताऱ्याचें वस्तुमान ३.३९ व सहचराचें ०.७७ असें आलें. परंतु येथेंच या लेखाचा सचोटीचा गुण दिसतो. टॉमकिन व लॅम्बर्ट यांनीं ३.७ या आंकड्यापुढें ०.३ ची, व ०.८१ पुढें ०.०५ ची मर्यादा लिहून ठेवली होती. नवें उत्तर त्या मर्यादेच्या जवळजवळ कांठावर येऊन बसतें. जो लेखक आपल्या वाक्याबरोबर आपल्या संशयाचेंहि माप देतो, त्याचें वाक्य पुढें सुधारलें गेलें तरी खोटें पडत नाहीं. आपल्या निबंधकारांनीं व चरित्रकारांनीं या एका संवयीचें अनुकरण केलें तर मराठी गद्यावर फार उपकार होतील.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या लेखानें सहचराचें वजन सांगितलें, पण स्वभाव सांगितला नाहीं. ‘मंद’ हें विशेषण आमच्या डोळ्यांच्या सोयीचें आहे. क्ष-किरणांत पाहिल्यास या जोडीचा बहुतेक प्रकाश त्या मंद सहचराचाच असतो. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वेधांत तर, त्याच्यावर झालेला क्ष-किरणांचा एक प्रचंड उद्रेक तेजस्वी ताऱ्याआड जाऊन झांकला गेलेला आढळला. म्हणजे एका प्रकाशांत जो झगमगतो तो दुसऱ्या प्रकाशांत केवळ पडदा होतो. दोन रेषांच्या लेखाकडून हें सारें अपेक्षिणें अन्याय होईल. परंतु ‘सहचर आतां कळला’ असें म्हणणाऱ्या वाचकास ही आठवण देणें अवश्य आहे.

एकंदरींत या लेखापासून शिकण्यासारखें आम्हांस वाटतें तें असें. जगांतील पुष्कळ माणसें आपल्याला त्या मंद सहचराप्रमाणेंच केवळ दुसऱ्याच्या गतीवरून ठाऊक असतात. थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या घरच्या माणसांविषयीं आपण जें धरून चालतों तें बहुतेक सारें असेंच अनुमान असतें : थोर पुरुष इकडे वळला, त्याअर्थीं कोणी तरी त्याला ओढलें असेल, त्याचें तेज कमी झालें, त्याअर्थीं कोणी तरी आड आलें असेल. अनुमान पुष्कळदां बरोबरहि असतें. तरी पण ज्याच्याविषयीं तें केलें त्याचा स्वतःचा शब्द मिळेपर्यंत तें अनुमानच राहतें, आणि तो शब्द मिळवावयाचा तर थोरांचा आवाज जेथें क्षीण होतो तेथें जाऊन कान द्यावा लागतो. आड येणारा म्हणून ज्याची दोनशें वर्षें नोंद झाली, तोच मुळांत देणारा होता, असेंहि मग कधीं कधीं निघतें.

पौषांतील एखाद्या स्वच्छ रात्रीं वाचकांनीं ययातीकडे पहावें. अल्गोल मंदावलेला दिसला तर त्याच्यावर सांवली पडली एवढेंच न म्हणतां, ती सांवली कोणाची हेंहि आठवावें.